चेहरा जुळत नाही

“या घरात धड उजेड म्हणून नाही कुठे,” वेनिंग माझ्या कानाशी पुटपुटली. भर दुपार होती. पडवीत इतकं ऊन आलं होतं, की मी डोळ्यांवर हात धरून बसले होते.

तिने फोन पुन्हा आईच्या, बू पार्तिनाच्या, तोंडासमोर धरला. फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, चेहरा गोलात ठेवा. बू पार्तिनाने ठेवला. डोळे मिचकावा. तिने मिचकावले. आता हसा. ती हसली, तिला येत होतं तसं. गोल फिरला, फिरत राहिला आणि लाल झाला. चेहरा जुळत नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा.

“फोन जुना झाला असेल,” पाक विर्यो म्हणाले. पार्तिनाचे यजमान, वेनिंगचे वडील; आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला पाक म्हणतात, बाईला बू. ते पारव्याच्या पिंजऱ्यात दाणे घालत होते आणि त्यांची पाठ आमच्याकडे होती. हल्ली ते बरंचसं पाठ फिरवूनच बोलत.

“गेल्या ईदला घेतलाय, पाक.”

“मग नेट.”

“नेट आहे.”

“मग काचेवर घाम बसला असेल.”

वेनिंगने ओढणीच्या टोकाने काच पुसली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मी शेजारची. माझं शिवणयंत्र त्यांच्या भिंतीला लागून आहे. फोन धरायला एक बाई आणि मान धरायला एक बाई लागते, म्हणून मला हाक मारलेली. मान माझ्याकडे होती. हातात धरल्यावर कळलं, केवढीशी झाली होती ती.

बू पार्तिना नवऱ्या सजवायची. आमच्या गल्लीतच काय, नदीपलीकडच्या गावांतल्या मुलीसुद्धा तिच्या हाताखालून गेल्याशिवाय मांडवात जात नसत. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीसाठी ती स्वतः उपास धरायची. मग सकाळी मुलीच्या टाळूवर हलकी फुंकर घालायची, डोळे मिटून काही तरी म्हणायची आणि मगच कपाळावर नवरीची काळी नक्षी काढायला घ्यायची. हात एकदा टेकला की रेघ पुसायची वेळ तिच्यावर येत नसे. चेहऱ्याकडे तिने एकदा पाहिलं की झालं. हिची डावी भुवई वर आहे, हिची हनुवटी आईची आहे, ही काल रात्री रडलेली आहे. मला एकदा म्हणाली होती, “रुमिनी, तुझी एक बाजू हसते आणि दुसरी बघत बसते, कोण कोण हसतंय ते.” मी आठवडाभर आरशासमोर हसून बघत होते. खरंच होतं.

स्वतः ती तोंडाला काही न लावता दारात येत नसे. मीठ आणायला गेली तरी भुवया काढून. म्हणायची, सुताराच्या घरची खुर्ची मोडकी असली तर चालेल, माझं तसं नाही, माझं दुकान मी गळ्यावर घेऊन हिंडते.

मग एका सकाळी मोरीशी तिच्या हातून पेला पडला, आणि पेल्यामागे ती पडली.

हॉस्पिटलमधून आली तेव्हा डावा हात मांडीवर ठेवलेला होता, कुणी सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा. बोलणं जड झालं होतं. थांबून ऐकलं तर कळायचं. आणि तोंडाची डावी बाजू खाली ओघळली होती. हे शेवटचं आमच्यापैकी कुणी बोलून दाखवलं नाही. भेटायला येणारी प्रत्येक जण तळलेली केळी नाहीतर टेंपे घेऊन यायची आणि म्हणायची, रंग किती उजळलाय हो, आराम मानवलेला दिसतोय. आमच्याकडे रीतच अशी आहे. ज्याने समोरच्याला लागेल ते आधी बोलायचं नाही, मग बोलायचं नाही, मग ते बोलायची वेळ निघून जाते आणि सगळ्यांना हायसं वाटतं.

तिच्या घरात आरसे फार. उभा, आडवा, तीन पानांचा, हातातला. आई घरी यायच्या आदल्या दिवशी वेनिंगने सगळ्यांवर बाटिकची कापडं टाकली. धूळ बसते, म्हणाली. मोठ्या आरशाला कापड पुरेना, तर पाक विर्योंनी स्वतःची नवी लुंगी काढून दिली आणि पाठ फिरवून उभे राहिले. बू घरात आली, झाकलेल्या आरशांवरून तिची नजर एकदा फिरली आणि तिने चहा मागितला. आरसा मागितला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. तिने मागितला नाही म्हणजे तिला नकोय, असं आम्ही ठरवून टाकलं.

डॉक्टर चांगला होता. त्याने वेनिंगला बाजूला घेऊन सांगितलं, हाताचे आणि जिभेचे व्यायाम लगेच सुरू करा, अजून माती ओली आहे, आकार धरेल. वाळली की कुणाच्या बापाचं चालणार नाही. व्यायाम त्याच हॉस्पिटलात, सरकारी विम्यातून. फक्त दर वेळी आत जाण्याआधी पेशंट हाच पेशंट आहे हे फोनवर चेहरा दाखवून सिद्ध करायचं. पूर्वी कागदाची चिठ्ठी असायची. पण दुसऱ्याच्या नावावर औषधं नेणारेही पुष्कळ होते, तेव्हा हे आणलं ते बरोबरच, असं आम्ही सगळे म्हणालो होतो. आणलं तेव्हा.

दर वेळी तीच यात्रा. चाकाची खुर्ची गाडीत घालायची, बूला घालायचं, शहरात जायचं, खिडकीशी रांग लावायची, फोन धरायचा. लाल. आणि परत. खिडकीतली मुलगी वेनिंगच्याच वयाची, डोक्यावर गुलाबी रुमाल, बोलायला लाघवी. तिने स्वतः बाहेर येऊन प्रयत्न केला, खुर्ची भिंतीकडे फिरवून केला, दिव्याखाली नेऊन केला. शेवटी हात जोडले. समोर बसलेली बाई बू पार्तिनाच आहे हे तिला दिसत होतं, ओळखपत्र तिच्या हातात होतं. पण सिस्टिम घेत नव्हती, आणि तिने स्वतःच्या हाताने नोंद केली तर तिचंच खातं बंद झालं असतं.

मग तिने विचारलं. मी खुर्चीमागेच उभी होते.

“चेहऱ्यात काही बदल झालाय का, दीदी? तसं असेल तर ती खिडकी वेगळी आहे. डॉक्टरांचा दाखला लागतो, फोटो नव्याने काढतात. वेळ लागतो, पण होतं. कधी कधी.”

वेनिंगने आईकडे पाहिलं. बू समोर बघत होती, खिडकीच्या काचेकडे.

“नाही,” वेनिंग म्हणाली. “काही बदल नाही. उजेडाचा प्रश्न आहे.”

त्या मुलीनेही बूकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि पुढच्या नंबराची कळ दाबली. तिलाही आई असणार.

परतीच्या वाटेत मी मनात म्हणाले, अगं, सांगून टाकायचं होतंस. मनातच म्हणाले.

मग मदतीच्या नंबरावर फोन झाले. तिकडे एक बाई बोलायची, ती बाई नव्हती. तक्रारीसाठी एक दाबा, चेहऱ्यासाठी चार दाबा. चार दाबलं की ती सांगायची, चेहरा घरूनही दाखवता येतो, पुरेशा उजेडात बसा. पाक विर्यो जुन्या वळणाचे. परक्या बाईशी ते आदराच्या बोलीतच बोलणार. तिचं सगळं बोलणं होईपर्यंत ते कमरेत थोडे वाकून ऐकायचे, मग आपली अडचण सविस्तर सांगायचे, कन्येला त्रास देतोय याबद्दल क्षमा मागायचे. ती मधेच म्हणायची, आपली निवड समजली नाही. ते म्हणायचे, माझंच चुकलं असेल. आणि पुन्हा पहिल्यापासून. वेनिंगने सांगून पाहिलं की पाक, ती माणूस नाही. ते म्हणाले, तरीपण.

तोवर बूचा हात मांडीवर होता तसाच होता. उलट बोटं आत वळायला लागली होती. मी रोज दुपारी खोबरेल लावून ती एकेक सरळ करायची, आणि सोडली की ती पुन्हा मिटायची, लाजाळूच्या पानांसारखी.

आशा आणली ती बू तुगिनाने. समोरच्या घरातली. तिचं तोंड गल्लीच्या भोंग्याआधी वाजतं. ती दवाखान्यातून तडक आमच्याकडे आली, पडवीतच बसकण मारली आणि म्हणाली की कळलं, सगळं कळलं, भुवया. तिचंही तिथे दोनदा लाल झालं होतं. तिसऱ्यांदा तिला नातीच्या शाळेच्या समारंभाला जायचं होतं म्हणून भुवया काढून, ओठ रंगवून गेली, तर फोन म्हणाला, या, आत या.

“अगं, आठवत नाही का? चेहऱ्यांची नोंद कधी केली आपण? माझ्या एंदांगच्या लग्नात!”

आणि आम्हाला सगळं आठवलं. विम्याची माणसं टेबल घेऊन वस्तीच्या सभागृहात आली होती, आणि त्याच दिवशी शेजारच्या मोकळ्या जागेत तुगिनाच्या मुलीच्या लग्नाचा मांडव होता. दिवस बदला म्हणावं तर ते शहरातले लोक, त्यांना कसं सांगणार. आम्ही बायका केबाया, म्हणजे आमची ठेवणीतली अंगालगत पोलकी, घालून, खोटे अंबाडे चढवून, थरावर थर रंग तोंडावर थापून लग्नात बसलो होतो. दोन घास खाल्ले, तशाच उठून रांगेत उभ्या राहिलो आणि सरकारला चेहरे देऊन आलो. इतक्या छान दिसत होतो, की फोटो काढणाऱ्याला आम्ही अजून एक काढ म्हणालो. आमच्या गल्लीतल्या एकाही बाईचा रोजचा चेहरा सरकारकडे नाही. आणि ते सगळे चेहरे त्या दिवशी सकाळपासून बसून रंगवले होते बू पार्तिनाने. स्वतःचा धरून.

पाक विर्यो पिंजऱ्यापासून वळले. कित्येक दिवसांत त्यांचं तोंड मला असं समोरून दिसलं नव्हतं.

“म्हणजे नुसतं रंगवायचं?” ते म्हणाले.

“नुसतं रंगवायचं,” तुगिना म्हणाली.

वेनिंग रडायच्या बेतात होती, पण हसत होती. आम्ही सगळेच हसत होतो. प्रश्न रंगाचा होता. रंग तर घरात खोकी भरून पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूला न्हाऊ घातलं. त्या लग्नातली तीच अंजिरी केबाया काढली. मला तिच्या बाजू आत घ्याव्या लागल्या, चांगल्याच. तुगिनाने अंबाडा बसवला, तो आधी कलला, मग काट्यांनी जागेवर आणला. मी रंगाची पेटी उघडली तसा तिचा तो वास आला, पावडरीचा आणि जाईच्या सुकलेल्या फुलांचा, आणि बूने डोळे मिटले. आम्ही दोघींनी कुणाला कधी रंगवलं नव्हतं. तुगिना म्हणाली, आज गुरूलाच मांडवात बसवतोय, चुकलं तर वर जाऊन तक्रार करू नका. बूच्या घशातून खुदकन आवाज आला. पावडर मी जास्त घेतली तर तिने उजव्या हाताने माझं मनगट धरलं आणि ब्रश दोनदा झटकायला लावला. भुवई तुगिनाने काढली, ती बूने बोटाच्या टोकाने चाचपली, मान हलवली, आणि पेन्सिल घेऊन शेपूट स्वतः ओढली. न बघता. बरोबर जागी.

मग सवयीने तिचा उजवा हात पुढे आला. तळवा वर, बोटं अर्धी मिटलेली. हातातला आरसा धरायची ती तिची पद्धत. हात तसाच राहिला. वेनिंग माझ्याकडे बघायला लागली, मी तुगिनाकडे.

“आम्ही आहोत की आरसा,” तुगिना म्हणाली. “सुंदर दिसतेस. विचार आम्हाला.”

बूने विचारलं नाही. हात परत मांडीवर नेला, दुसऱ्या हाताशेजारी.

ओठ राहिले होते. पाक विर्योंनी आतून एंदांगच्या लग्नातला फोटो आणला आणि तुगिनाच्या हातात दिला, रंग जुळवायला म्हणून. तुगिनाने फोटो बघितला, बूकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. उजवीकडचा ओठ तिने आहे तसा रंगवला. डावीकडे मात्र रेघ ओठावरून न नेता वर घेतली, गालावर, जिथे फोटोत ओठ होता तिथे. खालचा ओघळलेला भाग पावडरीने झाकला. पुसलं, पुन्हा काढलं. जवळून बघवत नव्हतं. हात-दोन हात मागे सरून पाहिलं तर क्षणभर ती लग्नातली पार्तिना होती.

“झालं,” तुगिना म्हणाली आणि पडवीच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

वेनिंगने फोन धरला. मी मान धरली. पाक विर्योंनी बूच्या डोक्यामागे पांढरी चादर ताणून धरली. फोनमधल्या बाईने कधी तरी तसं सुचवलं होतं. चेहरा गोलात ठेवा. ठेवला. गोलाची कड हिरवी व्हायला लागली. एवढ्या दिवसांत आम्ही हिरवा कधी पाहिलाच नव्हता. डोळे मिचकावा. मिचकावले. हिरवा अर्ध्यावर आला, अर्ध्याच्या पुढे गेला. वेनिंगचा श्वास मला ऐकू येत होता.

आता हसा.

बू हसली. मनापासून हसली, कारण तिलाही हिरवा दिसत होता. तिचं तोंड उजवीकडे वर गेलं. डावीकडे तुगिनाने काढलेली रेघ गालावर होती तिथेच राहिली, आणि तिच्याखाली खरा ओठ, पावडर फुटून, आपल्या वाटेने खाली गेला.

चेहरा जुळत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.

पुन्हा केला. पुन्हा. मग फोन म्हणाला, प्रयत्न संपले, उद्या या.

पाक विर्योंनी चादर खाली घेतली आणि तिची घडी घालत बसले, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून.

“लिपस्टिकचा रंग थोडा निराळा होता ना,” तुगिना लांबूनच म्हणाली. “तेव्हाचा विटकरी होता. मी म्हटलं होतं.”

“ऊन सरकलं,” पाक विर्यो म्हणाले. “मघाशी बरं होतं.”

“उद्या सकाळी लवकर करू,” वेनिंग म्हणाली. “आठच्या सुमाराला. पडवीत तेव्हा उजेड…” तिने फोन आईच्या मांडीवर ठेवला आणि ओढणीत तोंड घातलं.

बूने उजव्या हाताने फोन उचलला. पडद्यावर तो गोल अजून उघडाच होता आणि गोलात तिचा चेहरा. तिने हात लांब केला, थोडा वर नेला, मान किंचित कलती केली. हातातला आरसा ती असाच धरायची. तिने आधी उजवी बाजू बघितली, मग डावी. घाई न करता, नवरीची बघावी तशी. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. घरातले सगळे आरसे आम्ही झाकले होते, आणि रोज, दिवसातून किती तरी वेळा, हाच एक तिच्या तोंडासमोर नेऊन धरत होतो. हास म्हणून सांगत होतो.

तिने अंगठ्याने गालावरची ती रेघ पुसली. लाल रंग कानापर्यंत पसरला. मग ती बोलायला लागली, आणि तिचे शब्द यायला वेळ लागतो म्हणून आम्ही सगळे थांबलो. पाक विर्योसुद्धा, घडी हातात धरून, तोंड तिच्याकडे करून.

“उजेड पुष्कळ आहे, वेनिंग,” ती म्हणाली. “माझं तोंड वाकडं झालंय. हे आता असंच राहणार.”